एका खराब व्हिडिओपायी अडलेलं फोल्डर

फोल्डर उघडलं. फोटोंच्या चौकटी भराभर भरत गेल्या, तीन-चार ओळी झाल्या आणि एकाएकी सगळं थिजलं. खालच्या चौकटी कोऱ्या, पंखा घोंघावतोय, स्क्रोल करायला गेलं तर खिडकी पांढरीफटक. फोटो दाखवणारा प्रोग्रॅम, म्हणजे इमेज ब्राउझर, बंद करून पुन्हा उघडला तर पुन्हा त्याच ओळीवर तीच गत. अशा वेळी बहुतेक जण इमेज ब्राउझरच्या नावाने खडे फोडतात आणि दुसरा टाकून बघतात. गाडी तिथेही नेमकी तिथेच अडते. कारण दोष बऱ्याचदा शेकडो फोटोंत मिसळलेल्या एका अर्धवट व्हिडिओचा असतो.

तो व्हिडिओ शोधायचा कसा, त्याला काय झालंय हे ओळखायचं कसं, त्यातून निदान एक चित्र काढायचं कसं आणि पुढच्या वेळी एका फाइलीपायी सगळं फोल्डर अडू नये म्हणून काय करायचं, ते इथे क्रमाने सांगतो. पण त्याआधी एक गोष्ट. थंबनेल, म्हणजे चौकटीतलं छोटं चित्र, आलं नाही म्हणजे व्हिडिओ गेला असं नाही, आणि थंबनेल छान आलं म्हणजे व्हिडिओ धडधाकट आहे असंही नाही. थंबनेल काढणारा प्रोग्रॅम फाइलीचं डोकं वाचतो, एका ठिकाणी उडी मारतो, एक फ्रेम उचलतो आणि निघून जातो. बाकीच्या फाइलीकडे तो ढुंकूनही बघत नाही. हे मी अक्कलखाती रक्कम भरून शिकलो. कॅमेऱ्यातल्या एमटीएस प्रकारच्या क्लिपा कॉम्प्युटरवर घेतल्या, सगळ्यांची चित्रं व्यवस्थित दिसली, म्हणून कार्ड फॉरमॅट केलं. कॉपी मध्येच तुटली होती. शेवटच्या क्लिपचं चित्र सुंदर होतं, पण आत पहिल्या काही सेकंदांपलीकडे काहीच नव्हतं.

चित्र काढतो कोण?

इमेज ब्राउझर व्हिडिओ स्वतः क्वचितच उलगडतो. तो ते काम दुसऱ्यावर सोपवतो. लिनक्सवर गीकी हा ब्राउझर एफएफएमपेगथंबनेलरची मदत घेतो, जीथंब जीस्ट्रीमरवर विसंबतो, तर केडीई या डेस्कटॉपमधले ग्वेनव्ह्यू आणि डॉल्फिन एफएफएमपेगथंब्जकडे जातात. विंडोजचा एक्सप्लोरर हे काम 'कॉम सरोगेट' नावाच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये करतो; टास्क मॅनेजरमध्ये तिची फाइल डीएलएलहोस्ट म्हणून दिसते. मॅकवर क्विक लुक आहे. ब्राउझर बदलूनही अडचण तीच का राहते, याचं उत्तर इथे आहे: दोन्ही ब्राउझरांमागे राबणारा मजूर एकच असतो.

हा मजूर साधारण असा चालतो. फाइल उघडायची, कंटेनर (चित्र आणि आवाज एकत्र ठेवणारा फाइलीचा साचा, जसा एमपी४) कोणता ते ओळखायचं, एकूण लांबी वाचायची, त्या लांबीच्या ठरावीक टक्क्यावर उडी मारायची, जवळची कीफ्रेम (दुसऱ्या फ्रेमवर अवलंबून नसलेली पूर्ण फ्रेम) उलगडायची, लहान करायची आणि साठवायची. एफएफएमपेगथंबनेलर मूळ सेटिंगमध्ये १० टक्क्यांवर उडी मारतो. सुरुवातीला बहुधा काळा पडदा असतो, म्हणून ही पद्धत. धडधाकट फाइलीसाठी ती उत्तमच आहे, पण खराब फाइलीत प्रत्येक पायरीवर पाय घसरायला जागा आहे.

पहिलं काम: मूळ फाइलीला हात लावू नका

जे काही करायचं ते कॉपीवर. कार्डाला बाजूची कुलूप-पट्टी असेल तर ती सरकवा. कॉपी करतानाच वेग शून्यावर येत असेल, 'इनपुट आउटपुट एरर' येत असेल, किंवा लिनक्सवर डीमेसेज या कमांडने दाखवलेल्या नोंदींत त्या डिस्कच्या नावाने तक्रारी दिसत असतील, तर थंबनेलचा विषय तिथेच थांबवा. दुखणं फाइलीचं नाही, कार्डाचं किंवा डिस्कचं आहे. असं फोल्डर ब्राउझरमध्ये पुन्हा पुन्हा उघडलं की दर वेळी तो तेच मरू घातलेले सेक्टर वाचायचा प्रयत्न करतो, आणि आधीच दमलेल्या डिस्कला आणखी दमवतो. आधी जीएनयू डीडीरेस्क्यूने सगळ्या कार्डाची प्रतिमा घ्या. तो सोपा भाग आधी उचलतो, अवघड जागा मागे ठेवून नंतर परत त्यांच्याकडे येतो, आणि कुठवर पोहोचलो याची नोंद मॅप फाइलीत ठेवतो. पुढचं सगळं काम त्या प्रतिमेवर करायचं.

गुन्हेगार फाइल शोधणं

गाडी अडलेली असतानाच सिस्टिम मॉनिटर किंवा टास्क मॅनेजर उघडून बघा. थंबनेलची प्रोसेस वेगळी चालत असेल तर लिनक्सवर तिच्या कमांडच्या ओळीतच फाइलीचं नाव दिसतं. विंडोजवर ती फाइल हलवायला किंवा पुसायला गेलात की 'कॉम सरोगेटमध्ये उघडी आहे' असा नकार येतो, आणि तो नकारच गुन्हेगाराचं नाव सांगून जातो.

तसं काही दिसलं नाही तर फोल्डर अर्धं करा. ४०० फाइली असतील तर २०० दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा. अडणारा अर्धा भाग पुन्हा अर्धा करा. जास्तीत जास्त ९ फेऱ्यांत एकटी फाइल हाती लागते. प्रत्यक्षात इतकं करावं लागत नाही. आकारानुसार लावून शून्य बाइटांच्या फाइली बघा, मग वेळेनुसार लावून प्रत्येक दिवसाची शेवटची क्लिप बघा. बॅटरी संपली, कार्ड भरलं, कुणी घाईत कार्ड उपसलं, की मार नेमका त्या शेवटच्या क्लिपला बसतो. माझा पहिला संशय कायम तिच्यावरच असतो.

खराब की नुसती अनोळखी?

इथे बरेच जण फसतात आणि चांगल्या फाइलीवर शस्त्रक्रिया करत बसतात. एका फोनच्या सगळ्याच क्लिपांची चित्रं येत नसतील तर त्या सगळ्या एकदम खराब झालेल्या नसतात, तुमच्याकडे त्या प्रकारचा व्हिडिओ उलगडणारा कोडेक नसतो. नव्या फोनांचे हेव्हीसी (एच.२६५) प्रकारचे व्हिडिओ यात वारंवार सापडतात. त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची, नक्की चालणारी एक क्लिप शेजारी ठेवून पाहा. तिचंही चित्र येत नसेल तर कोडेक किंवा थंबनेलर बसवा आणि हा लेख इथेच सोडा.

आणखी दोन फसवे प्रकार आहेत. एक, फाइलीचं नाव एमपी४ असतं आणि आत भलतंच काही. लिनक्स आणि मॅकवर 'फाइल' ही कमांड नाव न बघता आतल्या मजकुरावरून प्रकार सांगते. दोन, काही ब्राउझरांत ठरावीक आकारापेक्षा मोठ्या फाइलींची चित्रं काढूच नका अशी मर्यादा असते. मोठ्या क्लिपा कोऱ्या आणि छोट्या ठीक दिसत असतील, तर दुरुस्तीआधी सेटिंग बघा.

फाइलीच्या पोटात डोकावणं

आता हेक्स व्ह्यूअरमध्ये, म्हणजे फाइलीतले बाइट सोळाच्या पद्धतीतल्या (हेक्स) आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, फाइल उघडा. भिण्यासारखं काही नाही, पहिली एक-दोन ओळच बघायची आहे.

एमपी४ आणि एमओव्ही फाइली डब्यांच्या बनलेल्या असतात. प्रत्येक डब्याचे पहिले ४ बाइट त्याचा आकार सांगतात, पुढचे ४ त्याचं नाव. बहुतेक एमपी४ फाइलींचा पहिला डबा 'एफटीवायपी', म्हणजे पाचव्या ते आठव्या बाइटात ६६ ७४ ७९ ७० असे आकडे दिसायला हवेत. त्याखेरीज दोन मोठे डबे असतात: 'एमडॅट', ज्यात प्रत्यक्ष चित्र आणि आवाज आहे, आणि 'मूव्ह', ज्यात कोणती फ्रेम कुठे, किती बाइटांची, किती वेळाची याची यादी आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांत ही यादी रेकॉर्डिंग संपल्यावर लिहिली जाते, कारण त्याआधी ती पूर्णच झालेली नसते. मध्येच वीज गेली की एमडॅट भरलेला आणि मूव्ह गायब. शेकडो पानांचा ग्रंथ आहे, पण पानांवर आकडे नाहीत आणि अनुक्रमणिकाही नाही, अशी ती अवस्था. एफएफएमपेग हा कमांडने चालणारा व्हिडिओ प्रोग्रॅम तेव्हा 'मूव्ह ॲटम नॉट फाउंड' एवढं म्हणून थांबतो. ही तक्रार दिसली तर समजा की माल बहुधा शाबूत आहे, हरवलीय ती यादी.

दुसरं दृश्य: सुरुवातीपासून शेवटपर्यंत ०० ०० ०० ००. आकार अगदी बरोबर, ८०० मेगाबाइट म्हणजे ८०० मेगाबाइट, आणि आत निव्वळ शून्यं. डाउनलोड करणारे काही प्रोग्रॅम आधी पूर्ण जागा राखून ठेवतात आणि मग ती भरत जातात. काम अर्धवट राहिलं की असा पोकळ वासा उरतो. लिहिणं चालू असताना यूएसबी ड्राइव्ह उपसला तरी हेच होऊ शकतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? या फाइलीवर कोणतंही दुरुस्तीचं अवजार चालवण्यात वेळ घालवू नका. मूळ जागेवरून पुन्हा आणता येते का, तेवढं बघा.

तिसरं दृश्य जास्त चकवणारं. इंटरनेटसाठी बनवलेल्या एमपी४ फाइलींत यादी मुद्दाम पुढे ठेवलेली असते, म्हणजे पूर्ण उतरण्याआधीच व्हिडिओ चालू करता येतो. अशी फाइल अर्धवट उतरली तर यादी जागेवर असते, पण ती ज्या मालाकडे बोट दाखवते तो माल नसतो. यादी म्हणते व्हिडिओ ९० मिनिटांचा, हातात आहेत पहिली ५ मिनिटं. थंबनेलर १० टक्क्यांवर, म्हणजे नवव्या मिनिटावर उडी मारतो आणि रिकाम्या जागेत पडतो. तोच व्हिडिओ प्लेअरमध्ये टाका, पहिली ५ मिनिटं झकास चालतो. 'चालतोय तरी चित्र का नाही' या कोड्यामागे हे कारण मला वारंवार सापडलं आहे.

बाकीचे कंटेनर थोडक्यात. एमकेव्हीची सुरुवात १ए ४५ डीएफ ए३ अशी होते. त्यात माल छोट्या गठ्ठ्यांत असतो, त्यामुळे रेकॉर्डिंग तुटलं तरी आधीचे गठ्ठे वाचता येतात. फक्त लांबी आणि उडी मारण्याच्या खुणा शेवटी लिहायच्या राहून जातात. स्क्रीन रेकॉर्डिंगसाठी ओबीएस वापरणारे एमकेव्हीत रेकॉर्ड करून नंतर एमपी४ करतात ते याचसाठी. एव्हीआय 'रिफ' या अक्षरांनी सुरू होतो आणि त्याचा इंडेक्स, म्हणजे फ्रेमांची यादी, सहसा शेपटीला असतो. शेपूट तुटली तरी व्हिडिओ चालतो, पुढे-मागे मात्र करता येत नाही. टीएस आणि एमटीएस सगळ्यांत चिवट. टीएसचे १८८ बाइटांचे तुकडे, प्रत्येकाच्या डोक्यावर ४७ हा हेक्स आकडा. एमटीएसमध्ये प्रत्येक तुकड्याच्या आधी आणखी ४ बाइट जोडलेले. मधला तुकडा गेला तर पुढच्या ४७ला पकडून गाडी पुन्हा रुळावर येते.

पूर्ण तपासणी

किती भाग चांगला आहे हे समजायला फाइल डोक्यापासून शेपटीपर्यंत उलगडावी लागते. एफएफएमपेगला नोंदींची पातळी 'एरर' ठेवायला सांगा, इनपुट म्हणून फाइल द्या आणि आउटपुटचा प्रकार 'नल' ठेवा, म्हणजे तो सगळं उलगडेल पण लिहिणार काहीच नाही. पडद्यावर काही आलं नाही तर आहे तेवढा भाग ठीक; टीएस-एमटीएसची तुटकी फाइल मात्र गुपचूप सुटू शकते, म्हणून लांबीही मूळ क्लिपशी ताडून बघा. एक-दोन ओळी आल्या तर किरकोळ जखम. ओळींचा पाऊस पडला तर तो कुठून सुरू झाला तेवढं टिपून ठेवा. लांब व्हिडिओला वेळ लागतो. पण कार्ड पुसायच्या आधी ही तपासणी केली असती आणि लांबी ताडली असती तर माझी ती क्लिप वाचली असती.

खराब फाइलीतूनही चित्र काढायचं असेल तर

एका पद्धतीवर अडून बसू नका, एक फसली की दुसरीकडे वळा.

आधी नेहमीप्रमाणे १० टक्के. नाही जमलं तर लांबीवर विश्वास ठेवणंच सोडा आणि ठरावीक सेकंदावर जा: पाचवा सेकंद, मग पहिला, मग शून्य. एफएफएमपेगमध्ये वेळेचा 'एसएस' पर्याय इनपुटच्या आधी लिहिला तर तो इंडेक्स वापरून थेट उडी मारतो. इनपुटनंतर लिहिला तर सुरुवातीपासून सगळं उलगडत तिथवर चालत जातो. धडधाकट फाइलीसाठी पहिला प्रकार चांगला, कारण तो वेगवान आहे. इंडेक्स मोडलेल्या फाइलीसाठी मात्र दुसरा, सावकाश प्रकारच कामाला येतो. हा एक बदल केल्यावर बरीचशी हट्टी चित्रं निघतात.

तरीही नाही, तर 'फक्त कीफ्रेम उलगड, बाकी सोड' असं डिकोडरला, म्हणजे व्हिडिओ उलगडणाऱ्या भागाला, सांगा. त्यासाठी 'स्किप फ्रेम' हा पर्याय 'नोकी'वर ठेवायचा. सोबत खराब पॅकेट टाकून देणारी 'डिस्कार्ड करप्ट' ही खूण आणि चुका सोडून देणारं 'इग्नोर एरर' लावा. शेवटचा उपाय म्हणजे 'थंबनेल' नावाचा फिल्टर. तो मूळ सेटिंगमध्ये १०० फ्रेमांचा गठ्ठा घेतो आणि त्यातली सगळ्यांचं प्रतिनिधित्व करेल अशी एक निवडतो. खराब फाइलीत त्याचा फायदा असा की एखाददुसरी विद्रूप फ्रेम सहसा निवडली जात नाही.

एक खोडी लक्षात ठेवा. फाइलीच्या पलीकडच्या वेळेवर उडी मारली तर एफएफएमपेगच्या बऱ्याच आवृत्त्या आउटपुट रिकामं राहिल्याची सूचना पुटपुटतात आणि यशाचाच कोड परत देतात. चित्र नाही, चूकही नाही, अळीमिळी गुपचिळी. म्हणून स्क्रिप्टमध्ये परतीच्या कोडवर भरवसा न ठेवता चित्राची फाइल खरंच बनली का आणि तिचा आकार शून्याहून मोठा आहे का, हे स्वतः तपासा.

आणि चित्र बनलं तरी ते बघा. खराब फाइलींची चित्रं दोन रंगांत ओळखू येतात. पूर्ण किंवा अर्धी हिरवी चौकट म्हणजे डिकोडरला त्या भागासाठी डेटाच मिळाला नाही आणि मेमरीतली शून्यं तशीच रंगवली गेली. व्हिडिओच्या रंगपद्धतीत तिन्ही घटक शून्य असले की काळा नाही, हिरवा दिसतो. करडी चौकट आणि तिच्यावर हलणाऱ्या कडांच्या पुसट रेषा दिसल्या तर ती फ्रेम आधीच्या कीफ्रेमवर अवलंबून होती आणि ती कीफ्रेमच मिळाली नाही. मग मधल्या राखाडी रंगावर नुसता फरक चितारला गेला. माझ्याकडच्या एका क्लिपचं चित्र असंच होतं: वरच्या एक तृतीयांश भागात स्वच्छ आकाश आणि झाडाचे शेंडे, तिथून खाली एकच ओळ चौकोनी तुकड्यांत विस्कटलेली, आणि त्याखाली सपाट करडा. वरची पट्टी जिथे संपत होती, बरोबर तिथे डेटा तुटला होता. करडी चौकट दिसली की पुढच्या कीफ्रेमवर जाऊन बघा. ती किती लांब असेल हे व्हिडिओ बनवणाऱ्या एन्कोडरवर आहे. एक्स२६४ या एन्कोडरचं मूळ सेटिंग २५० फ्रेमांपर्यंत जाऊ देतं, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमा धरल्या तर १० सेकंद.

काहीच न निघाल्यास कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये शोधा. काही कॅमेरे क्लिपच्या नावाचीच टीएचएम फाइल शेजारी ठेवतात; गोप्रोच्या बऱ्याच मॉडेलांत ती सापडते. ती साधी जेपेग असते. नाव बदललं की चित्र तयार, व्हिडिओ उघडायचीही गरज नाही.

दुरुस्ती, जिथे शक्य आहे तिथे

सगळ्यात सौम्य उपाय पहिला: चित्र आणि आवाज पुन्हा एन्कोड न करता नुसते नव्या कंटेनरमध्ये भरणं. एफएफएमपेगला कोडेक 'कॉपी' ठेवायला सांगा, किंवा एमकेव्हीमर्जमधून फाइल काढा. इंडेक्स नव्याने बनतो, लांबी खरी लिहिली जाते, आणि अर्धवट एमकेव्ही, शेपूट तुटलेला एव्हीआय, यादी पुढे असलेला पण तुटका एमपी४ हे तिघेही बहुधा यानेच सरळ होतात. तुटका एव्हीआय व्हीएलसीत उघडला तर तो इंडेक्स बांधून मग चालवू का, असं स्वतःच विचारतो. पण तो इंडेक्स तेवढ्यापुरता असतो, फाइल तशीच राहते.

मूव्ह हरवलेल्या एमपी४ला हा उपाय चालत नाही, कारण उलगडायला सुरुवात कुठून करायची हेच माहीत नसतं. तिथे अनट्रंक हे मुक्त अवजार कामी येतं. त्याला दोन फाइली द्यायच्या: एक त्याच कॅमेऱ्याची, त्याच रिझोल्यूशनची आणि त्याच फ्रेम दराची धडधाकट क्लिप, दुसरी खराब. चांगल्या क्लिपच्या यादीवरून कॅमेरा माल कसा रचतो हे ते शिकतं आणि एमडॅटमध्ये फ्रेमा ओळखत नवी यादी बांधतं. नमुन्याची क्लिप वेगळ्या सेटिंगची असली तर निकाल कचरा येतो. कॅमेऱ्याची आठवण राहिली नसेल तर त्याच कार्डावरची आधीची क्लिप घ्या. आणि कार्ड अजून हातात असेल तर सगळ्यात आधी ते त्याच कॅमेऱ्यात घालून कॅमेरा चालू करून बघा. काही कॅमेरे अर्धवट राहिलेली फाइल स्वतः सावरतात. या एका कामापुरती कुलूप-पट्टी उघडावी लागेल, म्हणून आधी कार्डाची प्रतिमा घेतलेली हवी.

पुसलेल्या कार्डावरून फोटोरेकने परत आणलेल्या व्हिडिओंची गोष्ट निराळी. फाइल कार्डावर तुकड्या-तुकड्यांत विखुरलेली असेल तर फोटोरेक सहसा लागोपाठचा डेटा उचलतो आणि मध्येच दुसऱ्याच फाइलीचा तुकडा शिरतो. अशा फाइलीत अनट्रंकही गोंधळतो. अपेक्षा बेताचीच ठेवलेली बरी.

दुरुस्त झाली तरी चित्र येईना

फाइल प्लेअरमध्ये उत्तम चालते, पण ब्राउझरमध्ये तेच तुटकं चिन्ह. कारण ब्राउझर आता प्रयत्नच करत नाहीये, त्याला जुना नकार आठवतोय.

लिनक्सवर बहुतेक डेस्कटॉप एकाच संकेताने चालतात. वापरकर्त्याच्या कॅशे (तात्पुरत्या साठ्याच्या) फोल्डरमध्ये 'थंबनेल्स' आणि त्यात आकारानुसार कप्पे: नॉर्मल १२८ पिक्सेल, लार्ज २५६, एक्स-लार्ज ५१२, डबल-एक्स-लार्ज १०२४. शेजारीच 'फेल' नावाचा कप्पा असतो, आणि त्यात ज्यांचं चित्र निघालं नाही त्यांच्या नोंदी. नोंदीचं नाव म्हणजे फाइलीच्या पूर्ण पत्त्याचा एमडी५ हॅश (पत्त्यावरून काढलेली ठरावीक लांबीची खूण), आणि आत फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ. वेळ बदललेली दिसली की पुन्हा प्रयत्न व्हायला हवा. पण दुरुस्त फाइलीला कुणी जुनीच तारीख लावली, म्हणजे क्लिपा क्रमाने लागाव्यात म्हणून आपण लावतोच, तर ब्राउझरला वाटतं काही बदललंच नाही. 'फेल' कप्पा रिकामा करा. तेवढंही नको असेल तर फाइलीचं नाव बदला. पत्ता बदलला की हॅश बदलतो आणि जुना नकार गळून पडतो.

विंडोजवर एक्सप्लोररचा कॅशे 'थंबकॅशे' नावाच्या डेटाबेस फाइलींत असतो. डिस्क क्लीनअपमध्ये 'थंबनेल्स'वर खूण करून तो पुसता येतो. मॅकवर 'क्यूएलमॅनेज' या कमांडला 'आर' आणि 'कॅशे' हे शब्द दिले की क्विक लुकचा साठा साफ होतो. पण इमेज ब्राउझर स्वतःचा वेगळा साठा ठेवत असेल तर तो त्याच्याच सेटिंगमधून पुसावा लागतो.

स्वतः स्क्रिप्ट किंवा ब्राउझर लिहिणाऱ्यांसाठी

हा भाग प्रोग्रॅमरांसाठी आहे, इतरांनी खुशाल सोडावा.

व्हिडिओ कधीही मुख्य प्रोसेसमध्ये उलगडू नका. खराब फाइल फक्त अडत नाही, ती डिकोडरला पाडतेही, आणि त्याच्यासोबत तुमचा सगळा ब्राउझर पडतो. वेगळी प्रोसेस, तिला वेळेची मर्यादा, मेमरीची मर्यादा. लिनक्सवर 'टाइमआउट' कमांड १० सेकंदांवर लावली तरी काम भागतं. वेळ संपून मारलं गेलं तर ती १२४ हा कोड देते, म्हणजे 'फाइल वाचता आली नाही' आणि 'फाइलीने अडवलं' या दोन गोष्टी वेगळ्या नोंदवता येतात. मेमरीची मर्यादा विसरू नका: बिघडलेल्या डोक्यात चित्राची रुंदी अवाच्या सवा लिहिलेली असू शकते आणि डिकोडर निमूटपणे तेवढी जागा मागायला जातो.

वेगळ्या प्रोसेसचं आणखी एक कारण सुरक्षेचं. फाइल अपघाताने बिघडलेली आहे की कुणी मुद्दाम तशी घडवली आहे, हे थंबनेलरला कळत नाही, आणि तुम्ही फोल्डर नुसतं उघडलंत तरी तो ती वाचतो. २०१५ साली उघड झालेल्या अँड्रॉइडच्या स्टेजफ्राइट त्रुटींचं मूळ अशाच मीडिया फाइली वाचणाऱ्या लायब्ररीत होतं. त्यामुळे थंबनेलरला नेटवर्क देऊ नका आणि ज्या फाइलीचं चित्र हवंय तीच वाचू द्या. ग्नोम हा लिनक्स डेस्कटॉप याच कामासाठी बबलरॅप हे प्रोसेस कोंडून ठेवणारं अवजार वापरतो.

अपयश लिहून ठेवा. ही गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते आणि सगळ्यात जास्त त्रास देते. नोंद नसेल तर फोल्डर दर वेळी उघडताना तीच खराब फाइल तेच १० सेकंद खाते. नोंदीत पत्ता, आकार, बदलाची वेळ आणि थंबनेलरची आवृत्ती चारही ठेवा: आकार आणि वेळेमुळे दुरुस्त झालेली फाइल पुन्हा तपासली जाते, आवृत्तीमुळे नवा कोडेक आल्यावर जुने नकार आपोआप रद्द होतात. फाइल गेल्या मिनिटभरात बदललेली असेल तर मात्र नकार नोंदवू नका. ती खराब नसेल, अजून कॉपी होत असेल.

चित्र लिहिताना आधी तात्पुरत्या नावाने लिहा आणि पूर्ण झाल्यावर त्याच ड्राइव्हवर नाव बदला. नाहीतर मध्येच मारलेल्या प्रोसेसचं अर्धं चित्र कॅशेमध्ये राहतं आणि चांगल्या व्हिडिओवर खराबाचा शिक्का बसतो. रांग एकच असेल तर फोटो आधी, व्हिडिओ मागे. आणि चित्र निघालं नाही तर चौकट कोरी सोडू नका. कोरी चौकट म्हणजे 'अजून चालू आहे' असंच माणूस समजतो आणि वाट बघत बसतो. फिल्मपट्टीचं चिन्ह आणि कोपऱ्यात इशाऱ्याची खूण दाखवा, माउस नेल्यावर कारण सांगा: यादी हरवली, डेटा अर्धवट, कोडेक नाही, वेळ संपला. पहिली दोन कारणं दिसली की दुरुस्ती करायची, तिसरं दिसलं की कोडेक शोधायचा, आणि चौथं दिसलं की थंबनेलला दोष देण्याआधी डिस्क तपासायची.

यातून काहीच न साधलेल्या फाइली फोटोंच्या फोल्डरमधून काढून वेगळ्या ठेवा, नावापुढे 'खराब' जोडा, पण पुसू नका. मी अशी एक क्लिप दोन वर्षांनी अनट्रंकच्या नव्या आवृत्तीतून काढली. आवाज गेला होता, चित्र पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत आलं.